निरोप आणि पोच : १९४२चा गुप्त रेडिओ ते मेळघाटातील छायाक्षेत्र

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर मेळघाटात भरले होते. धारणीच्या रस्त्यापासून बरेच आत, सागाच्या जंगलात वसलेले कोरकूंचे गाव. तिसऱ्या रात्री एका विद्यार्थिनीला ताप चढला आणि ती असंबद्ध बोलू लागली. आम्हा प्राध्यापकांच्या आणि मुलांच्या खिशांत मिळून चाळीसएक मोबाईल होते. त्यांपैकी एकालाही रेंज नव्हती. १०८ हा क्रमांक सर्वांना पाठ होता. तो लावायचा कोठून, एवढाच प्रश्न होता. गावातला एक तरुण मोटारसायकल काढून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, चिठ्ठी लिहून द्या. तोंडी सांगतलं त रस्त्यात बदलून जाते.’’ आम्ही चिठ्ठी लिहून दिली. अडीच तासांनी तो जीप घेऊन परत आला. पुढच्या गावातील आरोग्यसेविकेने आमच्याच चिठ्ठीच्या पाठीवर दोन शब्द लिहिले होते : ‘मिळाली. निघाले.’ मुलगी पुढे बरी झाली. चिठ्ठी मात्र आमच्यापाशी राहिली, आणि प्रस्तुत लेखाचे खरे कारण तीच आहे.

मराठीत ‘निरोप’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक संदेश, दुसरा ताटातूट. संदेश पाठवणे आणि एखाद्याला आपल्यापासून दूर जाऊ देणे, ह्या दोन्ही क्रियांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे. कारण बराच काळ निरोप पाठवायचा म्हणजे माणूसच पाठवावा लागे. ह्याच्या जोडीचा दुसरा शब्द ‘पोच’. पत्र पोचल्याची खूण म्हणजे पोच. ‘त्याला काही पोच नाही’ असे आपण एखाद्याविषयी म्हणतो, तेव्हा त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही असेच म्हणत असतो. निरोप जावा आणि पोच यावी, एवढीच कोणत्याही संपर्कजाळ्याची गरज असते. संकटाच्या घडीला ही साधी गोष्ट कोणाच्या हाती असते, असा प्रश्न त्या रात्री आमच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना आम्ही जेथे पोचलो, ती वाट पुष्कळशी आपल्याच वऱ्हाडातून जाते.

मोबाईलचे जाळे कसे चालते, हे प्रथम पाहिले पाहिजे. ‘सेल्युलर’ ह्या शब्दातील ‘सेल’ म्हणजे कोठडी, मधाच्या पोळ्यातील घर. सगळ्या प्रदेशासाठी एकच शक्तिशाली प्रक्षेपक उभारण्याऐवजी प्रदेशाचे लहान लहान षट्कोनी भाग पाडावेत, प्रत्येक भागात कमी शक्तीचा मनोरा ठेवावा आणि एकमेकांपासून दूर असलेल्या घरांत तीच कंपनसंख्या पुन्हा वापरावी, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग ह्यांनी डिसेंबर १९४७ मधील एका अंतर्गत टिपणात मांडली. ती प्रत्यक्षात यायला काही दशके लागली. भारतात पहिले मोबाईल संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून ज्योती बसू आणि दिल्लीत सुखराम ह्यांच्यामध्ये.

मात्र ह्या रचनेत एक गोम आहे, आणि ती बहुधा आपल्या ध्यानात येत नाही. एकाच गावातील शेजाऱ्याने शेजाऱ्याला फोन केला, तरी तो आवाज गावातल्या गावात राहत नाही. तो मनोऱ्यावरून तारेने किंवा सूक्ष्मलहरींनी दूरच्या शहरातील केंद्राकडे जातो, तेथे दोघांची नोंद तपासली जाते, आणि मग तो पुन्हा त्याच मनोऱ्यावर परततो. वाटेतली केबल तुटली, पुरात खांब वाहून गेला, अथवा मनोऱ्याच्या बॅटऱ्या उतरल्या आणि डिझेल संपले, की शेजारी शेजाऱ्याला दुरावतो. हाकेच्या अंतरावरचा माणूस केंद्रामार्फत जोडलेला असल्यामुळे, केंद्र तुटताच तोही तुटतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा देशातील सर्वांत जोडलेल्या शहराने, मुंबईने, ह्या कोंडीचा अनुभव घेतला.

ह्या रचनेला काही तंत्रज्ञांनी प्रश्न विचारला. डेव्हिड बर्जेस आणि हरविंद सामरा ह्यांनी २००८च्या सुमारास ‘ओपन-बीटीएस’ ही सर्वांना खुली असलेली संगणकप्रणाली सिद्ध केली. मोबाईल कंपनीची महागडी केंद्रे जे काम करतात, ते एक साधा संगणक आणि एक लहानसे रेडिओयंत्र ह्यांच्याकडून करून घेता येते, हे तिने दाखवून दिले. अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात भरणाऱ्या वार्षिक मेळ्यात तिची चाचणी झाली. पुढे २०१०मध्ये प्रशांत महासागरातील निउए ह्या चिमुकल्या बेटावर. त्याच वर्षी हैतीतील भूकंप पाहून ऑस्ट्रेलियातील पॉल गार्डनर-स्टीफन ह्यांनी ‘सर्व्हल’ हा प्रकल्प आरंभला. त्यात तर मनोराही नको होता. एका फोनने दुसऱ्या फोनच्या हाती निरोप द्यायचा होता. आणि २०१३मध्ये मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील तालेआ दे कास्त्रो ह्या डोंगरी गावाने स्वतःचे मोबाईल जाळे उभारले. मोठ्या कंपन्यांना त्या गावात नफा दिसत नव्हता. गावाने सभा घेतली, ‘रायझोमॅटिका’ ह्या संस्थेच्या मदतीने यंत्र बसवले आणि महिन्याची अल्पशी वर्गणी ठरवली. गावातला फोन गावातच राहू लागला. २०१६मध्ये अशा आदिवासी गावांच्या संघटनेला तेथील शासनाने रीतसर परवाना दिला.

यंत्र तयार करणारे लोक एकीकडे आणि ते चालवण्याचा निर्णय घेणारी ग्रामसभा दुसरीकडे, अशी ही दुहेरी घटना आहे. आमच्या मते दुसरा भाग पहिल्यापेक्षा जुना आणि अधिक महत्त्वाचा आहे. तो आपल्या इतिहासात कोठे दिसतो?

मराठेशाहीत पत्रे नेणाऱ्याला जासूद म्हणत, आणि जासूद बहुधा जोडीने धाडीत. ‘जासूदजोडी’ हा शब्द जुन्या पत्रव्यवहारात ठायी ठायी येतो. एक आजारी पडला, मारला गेला वा फितला, तर दुसरा पोचावा, हा त्यामागील हिशेब. आजचा अभियंता जाळ्यात पर्यायी वाट ठेवतो, त्याचेच हे माणसांच्या भाषेतील रूप. परंतु १४ जानेवारी १७६१ नंतर ही सरकारी जासूदव्यवस्था कोलमडली. पानिपतची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रावरून. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा पेढीच्या परिभाषेत माणसांच्या मृत्यूचा हिशेब सांगणारे ते पत्र मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. आपण ते रूपकाचा नमुना म्हणून शिकवतो. वास्तविक ते आणीबाणीच्या संपर्काचे उदाहरण म्हणूनही शिकवायला हवे. राज्याचे जाळे तुटले तेव्हा सावकारांचे जाळे चालू होते, कारण ते सत्तेच्या आज्ञेवर उभे नव्हते. पेढ्यापेढ्यांच्या परस्परविश्वासावर उभे होते.

वऱ्हाडात तार आली ती इंग्रजांबरोबर. १८५३मध्ये निजामाने हा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला. १८६७मध्ये भुसावळहून अकोला आणि बडनेरा ह्या मार्गाने नागपूरपर्यंत रेल्वे पोचली, आणि रुळांच्या कडेने तारेचे खांब उभे राहिले. १८७०मध्ये मुंबई समुद्री तारेने लंडनशी जोडली गेली. त्याच वर्षी खामगावच्या कापूसबाजारासाठी बांधलेल्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन लॉर्ड मेयोने केले. लिव्हरपूलचा भाव आता खामगाव-अकोल्याच्या बाजारात तारेने येऊ लागला. राली, व्होलकार्ट अशा परदेशी पेढ्यांचे खरेदीदार तो प्रथम वाचीत. ज्याच्या शेतात कापूस फुटला होता, त्याला तो सर्वांत शेवटी आणि दुसऱ्याच्या तोंडून कळे. तार त्याच्या धुऱ्यावरून जात होती. तिच्यात त्याचा निरोप मात्र नव्हता. खेड्यात ‘तार आली’ म्हटले की घरात रडारड सुरू होई, हे आमच्या पिढीनेही पाहिले आहे. जे जाळे कधीच आपल्या सोयीसाठी बोलत नाही, ते बोलले की अशुभच बोलणार, अशी त्या रडण्यामागची समजूत असावी. जुलै २०१३मध्ये तारसेवा बंद झाली.

ह्या तारेला कायद्याचे कुंपण पडले ते १८८५च्या भारतीय तार अधिनियमाने. तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारचा, असे चौथ्या कलमाने ठरवले. पाचव्या कलमाने, सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास कोणतीही तारयंत्रणा ताब्यात घेण्याचा, निरोप अडवण्याचा आणि थोपवून धरण्याचा अधिकार सरकारला दिला. १९३३च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. ह्या कायद्यांच्या परिभाषेत ‘आणीबाणी’ ही राज्यकर्त्यांवर येते, आणि तिच्यावरील उपाय म्हणजे निरोप तोडणे. तापाने फणफणलेल्या मुलीच्या, पुरात अडकलेल्या वा गोळीबारात सापडलेल्या माणसाच्या आणीबाणीवरील उपाय नेमका उलटा, म्हणजे निरोप जोडणे. एकाच शब्दाचे हे दोन परस्परविरुद्ध अर्थ ऑगस्ट १९४२मध्ये समोरासमोर आले, आणि तेही आपल्याच परिसरात.

८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे पुढारी पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. देशभर लोकांनी तारा तोडल्या आणि खांब उखडले. इतिहासाच्या पुस्तकांत ह्याची नोंद ‘तोडफोड’ ह्या एका शब्दात होते. पण सरकारचे जाळे तोडणारे हे लोक त्याच वेळी स्वतःचे जाळे विणत होते, ही गोष्ट त्या शब्दाआड लपून जाते. अमरावती जिल्ह्यातील यावली आणि बेनोडा, वर्धा जिल्ह्यातील आष्टी, चांदा जिल्ह्यातील चिमूर ही ह्या भागातील आंदोलनाची ठळक गावे. यावली आणि बेनोडा ह्यांच्या नावांना आजही ‘शहीद’ हा शब्द जोडला जातो. त्यांतील यावली हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जन्मगाव. १९३५मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन झाल्यापासून त्यांची भजनमंडळे गावोगाव पसरली होती. खंजिरीच्या तालावर जे भजन एका गावी गाइले जाई, ते दुसऱ्या गावी आपोआप पोचे. त्याला खांब लागत नव्हते, परवाना लागत नव्हता. लागत होती ती एकमेकांच्या ओट्यावर बसण्याची सवय. सरकारला ह्या जाळ्याची ताकद कळली होती असे दिसते. कारण त्याच ऑगस्टमध्ये महाराजांना अटक झाली आणि त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

१६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीत आणि चिमूरला मोर्चे निघाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, लोक मेले, खवळलेल्या जमावाच्या हातून अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. त्यानंतर चिमुरात लष्कर आणि पोलीस शिरले, घराघरांवर धाडी पडल्या, पुरुष धरून नेले गेले आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. ह्यातले काही बाहेर कळू नये, अशी सरकारची इच्छा होती. गावातल्या बायका जे सांगत होत्या, त्याला पोच मिळत नव्हती.

येथे मुंबईतील ‘काँग्रेस रेडिओ’ ह्या कथेत येतो. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी हे त्यांचे सोबती. डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन, पुरुषोत्तम त्रिकमदास ह्या भूमिगत नेत्यांचे त्यांना मार्गदर्शन होते. यंत्र बांधले नरीमन प्रिंटर ह्या तंत्रज्ञाने. ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने ह्यांनी साहाय्य केले. दुसरे महायुद्ध सुरू होताच देशातील हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द झाले होते आणि त्यांची यंत्रे जमा करून घेण्यात आली होती. अशा वेळी प्रक्षेपक उभारणे म्हणजे सुटे भाग जुळवण्यापासून सगळेच चोरून करणे होते. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटर्सवर, भारतातील कोठल्यातरी ठिकाणाहून हा रेडिओ बोलत असल्याची घोषणा झाली.

‘कोठल्यातरी ठिकाणाहून’ हे शब्द फार अर्थपूर्ण आहेत. पोलिसांच्या गाड्या रेडिओलहरींची दिशा शोधत शहरभर फिरत होत्या. त्यामुळे केंद्र एका जागी ठेवणे शक्यच नव्हते. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, वाळकेश्वर, महालक्ष्मी असे त्याचे मुक्काम हलत राहिले. कार्यक्रम मुद्रित करण्याची जागा वेगळी आणि प्रक्षेपणाची जागा वेगळी, अशी पुढे व्यवस्था झाली. बातम्या कोठून येत? देशाच्या निरनिराळ्या भागांतून खास निरोप्ये येत, आणि मुंबईतील काँग्रेसच्या कार्यालयाकडूनही मजकूर मिळे, असे उषाताईंनी पुढे सांगितले आहे. म्हणजे यंत्र होते एकच. त्याच्यापर्यंत पोचणारे सारे जाळे चालत्या माणसांचे होते. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील घटना ह्यांच्या वार्ता ह्या रेडिओने दिल्या, आणि आष्टी-चिमूरच्या अत्याचारांचे सविस्तर वर्णनही त्याने प्रक्षेपित केले. आमच्या प्रदेशातील एका गावाचा निरोप असा अदृश्य केंद्रावरून देशाला ऐकू गेला. चिमूरमधली एखादी बाई काय बोलली आणि तिचे शब्द किती हातांतून मुंबईला गेले, ह्याचा नकाशा कोणी काढलेला नाही. ज्या जाळ्याचा नकाशा सापडला असता, ते एका दिवसात उद्ध्वस्त झाले असते.

ते उद्ध्वस्त झाले तेही एका माणसामुळे. यंत्र ज्याने बांधले तोच तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने माहिती दिली. १२ नोव्हेंबर १९४२च्या रात्री महालक्ष्मी मंदिराजवळील ‘पॅराडाइज’ बंगल्यावर छापा पडला. धोका ठाऊक असूनही उषाताई त्या रात्री प्रक्षेपणासाठी गेल्या होत्या. पोलीस दार फोडून आत आले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती, ती बंद करायला त्यांनी नकार दिला. चौकशीत त्यांनी काहीही सांगितले नाही. १९४३मध्ये खटल्याचा निकाल लागला : खाकर ह्यांना पाच वर्षे, उषाताईंना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी ह्यांना एक वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. उषाताई १९४६मध्ये येरवड्याहून बाहेर आल्या, पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकवले, आणि ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

ह्या दोन-अडीच महिन्यांच्या कथेत स्वतः बांधलेल्या जाळ्याचे सामर्थ्य आणि दुर्बलता दोन्ही दिसतात. सरकारी तारेत बिघाड होतो तो खांबावर. अशा जाळ्यात तो माणसात होतो. म्हणून प्रिंटर ह्यांना केवळ फितूर म्हणून आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. त्यांच्यावाचून यंत्र झाले नसते आणि त्यांच्यामुळेच ते गेले, ही दोन्ही विधाने खरी आहेत. विश्वास हाच जेथे तारेचे काम करतो, तेथे विश्वासाचा ताण तारेसारखाच मोजला पाहिजे.

रेडिओ मुका झाला त्याच सुमारास, ११ नोव्हेंबरला, सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भणसाळी ह्यांनी चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून उपोषण मांडले. ते ६३ दिवस चालले. त्याच्या बातम्या छापण्यावर सरकारने बंदी घातली. जानेवारी १९४३मध्ये अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच न काढून निषेध नोंदवला. ज्या वाचकाला चिमूर कोठे आहे हे माहीत नव्हते, त्याने त्या सकाळी वृत्तपत्र का आले नाही असे विचारले असेल, आणि त्याला चिमूरचे नाव कळले असेल. कोऱ्या जागेनेही निरोप जातो. १२ जानेवारीला उपोषण सुटले.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची चौकट तीच राहिली, तरी तिच्यात एक दार होते : हौशी रेडिओचे. परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा आणि स्वतःचे यंत्र चालवावे. अशा हौशी मंडळींना ‘हॅम’ म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा असे लोक आपली यंत्रे घेऊन तेथे पोचले होते. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद ही हौशी रेडिओचालक मंडळी घेऊन अंदमानात आल्या होत्या. आल्या होत्या छंदापायी. २६ तारखेला त्सुनामीने बेटांचा संपर्क तोडला आणि त्यांचे यंत्रच पोर्ट ब्लेअर आणि मुख्यभूमी ह्यांच्यातील दुवा झाले. बेटावरच्या माणसांचे क्षेमकुशल त्यांनी घराघरांना कळवले. ह्या मंडळींत एक रीत आहे. संभाषण झाले की दोघे एकमेकांना पोस्टाने एक कार्ड पाठवतात. त्यावर दिवस, वेळ आणि आवाज किती स्पष्ट ऐकू आला ह्याची नोंद असते. आपल्या भाषेत ही पोचच.

आता पुन्हा मेळघाट. १९७४मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत ह्या जंगलाचा समावेश झाला. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील अनेक गावे अजूनही मोबाईलच्या ‘छायाक्षेत्रा’त आहेत. सरकारी परिभाषेतील हा शब्द मोठा काव्यमय. पण ही छाया कशाची, हे तो सांगत नाही. डोंगराची म्हणावी तर डोंगर पूर्वीपासून आहेत. विरळ वस्ती, अल्प गिऱ्हाईक आणि जंगलाचे नियम ह्यांचीही ती छाया आहे. निवडणूक आली की ह्या छायाक्षेत्रातील मतदानकेंद्रांसाठी वन विभागाची आणि पोलिसांची बिनतारी यंत्रे लावली जातात आणि निरोप नेण्यासाठी माणसे नेमली जातात. त्यांना ‘रनर’ म्हणतात. म्हणजे जासूद अजून नोकरीवर आहे. मताची आकडेवारी संध्याकाळपर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलीच पाहिजे, ही राज्याची निकड असल्यामुळे त्या दिवसापुरते जाळे उभे राहते. बाळंतीण अडली तर तेवढ्याच तातडीने यंत्र आणि माणूस हजर होत नाहीत. १८८५च्या कायद्यातील आणीबाणीचा अर्थ अजून पुरता बदललेला नाही, असे आम्हाला वाटते ते ह्यामुळे.

प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. २०१६मध्ये धारणी तालुक्यातील हरिसाल हे ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट, दवाखान्याला दूरस्थ वैद्यकीय सल्ला, शाळेला संगणक, असा तो प्रयोग शासन आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांनी मिळून केला. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने त्याच प्रकारच्या लहरी वापरून गावे जोडून पाहिली. हे प्रयोग मोलाचे आहेत, आणि त्यांना हिणवण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आम्हाला नाही. तरी तालेआ आणि हरिसाल ह्यांच्यातील फरक लक्षात घेतला पाहिजे. हरिसालमध्ये गाव जाळ्याचे लाभार्थी होते. तालेआत ते जाळ्याचे मालक होते. यंत्र बिघडले तर लाभार्थी वाट पाहतो. मालक स्क्रूड्रायव्हर शोधतो. मेळघाटातील एखाद्या ग्रामसभेने उद्या तालेआप्रमाणे स्वतःचा लहानसा मनोरा उभारायचे ठरवले, तर परवान्याविना तो गुन्हा ठरेल. १८८५ आणि १९३३चे दोन्ही कायदे बाजूला सारून २०२३चा दूरसंचार अधिनियम आला, पण परवानगी देणारा हात वरचाच राहिला. ह्यामागे सुरक्षेची कारणे आहेत आणि ती पोकळ नाहीत. परवान्याविना चालणाऱ्या मनोऱ्यावरून दुसऱ्यांचे निरोप चोरताही येतात. पण हौशी रेडिओसाठी परीक्षेचे आणि परवान्याचे जसे एक दार ठेवले गेले, तसे ग्रामसभेसाठी का नसावे, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. मेक्सिकोने ते दार उघडल्याचे उदाहरण समोर आहेच.

मराठीच्या अध्यापकांनी ह्या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की आपण ज्याला जुने मराठी गद्य म्हणतो, त्याचा फार मोठा भाग निरोप आणि पोच ह्यांतूनच घडला आहे. पत्रे, करीने, कैफियती आणि अखबार हे कोणी साहित्य म्हणून लिहिलेले नव्हते. कोणीतरी अडचणीत होते आणि दुसऱ्या कोणाला ते कळायला हवे होते, म्हणून ते लिहिले गेले. त्या पत्रांतील शैलीचे आपण विवेचन करतो. ती पत्रे नेणाऱ्या जासुदाच्या पायांचे करत नाही. चिमूरच्या हकिकतीचे आपण वाचन करतो. ती कोणी कोणाला सांगितली, ह्या साखळीकडे पाहत नाही. शिबिराहून परतल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना एक काम दिले : घरातील वृद्धांना विचारा, फोन नव्हता तेव्हा तुमच्या गावात अडीनडीचा निरोप कोण नेई? आलेल्या वह्यांत कोतवाल होता, एसटीचा कंडक्टर होता, दूधवाला होता, माहेरी निघालेली शेजारीण होती. एका मुलीने लिहिले होते की तिच्या आजोळी निरोप नेणाऱ्याला आधी भाकर वाढत आणि मग निरोप विचारत. जाळे टिकवण्याचा हा खर्च होता, आणि तो सगळे गाव आळीपाळीने सोशीत होते.

यंत्र विकत मिळते, वा हुशार मुले ते बांधूही शकतात. ओपन-बीटीएसनंतर ते फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते रात्री दीड वाजता मोटारसायकल काढणे, आणि त्याहून अवघड ते ‘चिठ्ठी लिहून द्या’ म्हणण्याइतकी दुसऱ्याच्या शब्दाची काळजी घेणे. ती आमच्यापाशी असलेली चिठ्ठी आता घडीवर फाटू लागली आहे. पुढल्या बाजूस आमचे घाबरेघुबरे अक्षर आहे, मागे आरोग्यसेविकेचे ठाम दोन शब्द. ज्याने ती नेली आणि आणली, त्याचे अक्षर तिच्यावर कोठेच नाही.